तिकाटीला दिसलेले पाडस

मित्रांनो, मी एक जुनी तिकाटी आहे. वरच्या टोकाशी एकत्र बांधलेल्या तीन काठ्या, एवढेच माझे शरीर. सध्या माझ्या डोक्यावर लाल फुलांची कुंडी ठेवलेली आहे आणि मी फोल्करसाहेबांच्या व्हरांड्यात, पाहुण्यांच्या बुटांच्या फळीशेजारी उभी असते. कुंडीला रोज पाणी मिळते. जास्तीचे पाणी माझ्या पायांवरून ओघळते आणि त्यामुळे माझा डावा पाय आतून कुजू लागला आहे. हे मी कोणाला सांगू शकत नाही. न सांगता आल्यामुळे काय घडते, ते मी एकदा पाहिले आहे. तेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म नामिबियाच्या उत्तरेकडच्या कोरड्या रानातला. तिथे एका आटलेल्या नदीच्या काठी तुमच्याकडच्या धामण या झाडाच्या जातीचे एक झुडूप होते. त्या रानात काम करणाऱ्या एलिफासने झुडपाच्या तीन सरळ फांद्या कापल्या, शेकोटीच्या निखाऱ्यावर धरून त्यांचा उरलासुरला बाक काढला आणि साल सोलली. बांधले मात्र मला त्याच्या बायकोने, ओत्तिलीने. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून ओढून तिने माझ्या माथ्याला गुंडाळली आणि वरून शेळीच्या कातड्याचा तुकडा शिवला.

"एवढी कशाला घट्ट बांधतेस? काय बैल बांधायचाय?" एलिफास म्हणाला.

"बंदूक घसरली की गोळी जनावराच्या पायात लागते," ती दात आवळून गाठ मारत म्हणाली. "आणि मग त्या लंगड्या जनावरामागे तू तीन दिवस घरी येत नाहीस. मी हे माझ्यासाठी बांधतेय, तुझ्यासाठी नाही."

एलिफास माग काढणारा होता. दूरदूरच्या देशांतून पाहुणे फोल्करसाहेबांच्या रानात कुरंगाच्या शिकारीला येत. त्यांच्याकडे चकचकीत बंदुका असत, पण चालून चालून त्यांना धाप लागे आणि हात थरथरत. एलिफास मला खांद्यावर टाकून सर्वांच्या पुढे चाले. वाळूतले खूर वाचत वाचत तो कळपापाशी पोहोचला की थांबे, आवाज न करता माझे तीन पाय फाकवून मला उभी करी आणि स्वतः बाजूला होई. पाहुणा माझ्या माथ्यावर बंदूक टेकवी. मी जिकडे तोंड करून उभी राहीन, तिकडेच गोळी जाई. मी उभी राहिले म्हणजे एलिफासचा शब्द झाला, की हेच जनावर, दुसरे नाही. त्या रानात फक्त म्हातारे, कळपाने बाजूला टाकलेले जनावर मारायचे असा फोल्करसाहेबांच्या वडिलांपासूनचा नियम होता, आणि कोणते जनावर म्हातारे हे ठरवणारे डोळे एकच होते.

फोटो काढायची वेळ आली की पाहुणे म्हणत, "ती काठी जरा बाजूला घे." मला त्याचे वाईट वाटत नसे. संध्याकाळी एलिफास चरबीचा बोळा घेऊन माझे तिन्ही पाय पुसत असे. तेवढे कौतुक मला पुरे होते.

आणखी एक रिवाज तिथे होता. जनावर पडले की एक हिरवी डहाळी मोडायची. तिचा एक तुकडा जनावराच्या तोंडात ठेवायचा. तो त्याचा शेवटचा घास. दुसरा तुकडा जखमेला लावून शिकाऱ्याच्या टोपीत खोचायचा. हा रिवाज साहेबांच्या पणजोबांनी त्यांच्या थंड देशातून आणलेला होता. पण शेवटचा घास नेहमी एलिफासच्याच हातचा असे. साहेब कुठलीही डहाळी मोडत. एलिफास मात्र आधी माग उलटा चालत जाई, जनावर मरण्यापूर्वी काय खात होते ते पाही आणि तेच घेऊन येई. कधी गवत, कधी कडवट पाल्याची काडी. पाहुणे ताटकळत उभे राहत. तो घाई करत नसे.

त्या पाहुण्यांत अल्ब्रेख्त नावाचा एकजण होता. आपल्या देशात तो जमिनी मोजायचे काम करी. दर हिवाळ्यात, पहिले हिंव पडून गेल्यावर तो येई. असा तो एकोणीस वेळा आला. पाय लांबलचक, आणि चालता चालता एक पाय उचलून मध्येच थांबायची सवय. म्हणून गाडी चालवणाऱ्या तिमोतेउसने त्याचे नाव बगळेबुवा ठेवले होते. एलिफास आणि अल्ब्रेख्त यांच्यामध्ये वीसेक शब्दांची एक मोडकी भाषा होती. वारा, पाणी, म्हातारा, थांब, चल. तेवढ्यावर त्यांची एकोणीस वर्षे निघाली. एकदा अल्ब्रेख्तने एलिफासला एक भारी दुर्बीण भेट दिली. ओत्तिली म्हणाली, "डोळे आहेत की तुला. हिचं काय करू?" आणि दुर्बिणीच्या डब्यात तिने आपली बटणे ठेवली.

ओत्तिली गेली त्या वर्षी फार थंडी होती. पाण्याच्या टाकीमागे, त्यांच्या घरापासून चाळीस पावलांवर, बाभळीसारख्या एका काटेरी झाडाखाली तिला पुरले. एलिफास रोज सकाळी चहाचा मग घेऊन तिथे बसे, वारा कुठून आहे ते तिला सांगे, थडग्यावर एक दगड ठेवी आणि मग मला खांद्यावर घेई.

त्यानंतर दोनेक वर्षांत त्याचे डोळे विझू लागले.

हे सर्वांत आधी मला कळले. तो मला नुसती खांद्यावर न नेता काठीसारखी पुढे टेकवू लागला. वाळवीचे ढिगारे आणि खड्डे तो माझ्या पायांनी चाचपू लागला. मग एक दिवस खुराचा ठसा दिसताच तो गुडघ्यावर बसला आणि त्याने ठशात बोटे घातली. ठशाची कड ढासळलेली आहे का, तळाची वाळू थंड आहे का, पुढचे टोक गोल आहे की निमुळते, हे सगळे तो बोटांनी वाचू लागला. पाहुण्यांना वाटे, केवढा मुरलेला माणूस!

लांबचे मात्र बोटांना दिसत नाही. त्यासाठी तिमोतेउस होता. त्यालाही हे गुपित कळले होते, पण त्याने ते कधी शब्दांत बोलून दाखवले नाही. तो फक्त एलिफासच्या मागे एक पाऊल अंतरावर राही आणि पुटपुटे.

"काका, समोर. झाडाखाली चार उभी आहेत. उजवीकडचा म्हातारा आहे."

"उजवीकडचा म्हणजे तुझ्या उजवीकडचा, की शहाण्या माणसाच्या?"

"दोघांचं उजवं एकच असतं, काका. तुम्ही उलटे उभे आहात."

एलिफास हसू दाबत मला फिरवून उभी करी. असे दोन हिवाळे निभावले.

गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्याला सांगितले होते, "डोळ्यात दाब वाढलाय. मोठ्या शहरात जाऊन उपचार घे. गेलेली नजर येणार नाही, पण आहे तेवढी टिकेल. मात्र लगेच जा." जायचे म्हणजे साहेबांकडे रजा मागायची. रजा मागायची म्हणजे कारण सांगायचे. आणि त्याचे घर कामाबरोबर मिळालेले होते. काम सुटले की घर सुटे. कातडी सोलणाऱ्या फिलेमोनची पाठ धरली, तेव्हा आठव्या दिवशी त्याची खाट ट्रकवर चढली होती आणि तो गावाबाहेरच्या पत्र्यांच्या वस्तीत गेला होता. एलिफासला पत्र्याचे भय नव्हते. पण टाकीमागचे ते झाड त्याला ट्रकवर चढवता येणार नव्हते. म्हणून तो गप्प राहिला.

मित्रांनो, आता त्या दिवसाकडे येते.

तेव्हा अल्ब्रेख्त विसाव्यांदा आला होता. खूप वाळला होता. न्याहारीला त्याने सांगितले की डॉक्टरांनी यापुढे विमानप्रवास बंद केला आहे, त्यामुळे ही शेवटची खेप. "एक म्हातारा गेम्सबोक," तो म्हणाला आणि स्वतःच्या छातीवर टिचकी मारली. "एकटा. माझ्यासारखा."

गेम्सबोक हे तिथले घोड्याच्या शिंगराएवढे मोठे कुरंग असते. तोंडावर काळे-पांढरे पट्टे, आणि डोक्यावर भाल्यासारखी सरळ लांब शिंगे. शिंगे नरालाही असतात आणि मादीलाही. नराची जाड आणि थोडी आखूड, मादीची बारीक आणि लांब. हा फरक सांगण्यात उभ्या मुलुखात एलिफासचा हात धरणारा कोणी नव्हता.

नेमका त्याच सकाळी पाण्याच्या पंपाचा पट्टा तुटला. फोल्करसाहेबांनी तिमोतेउसला गावाला पाठवले.

"एलिफास, आज तुम्ही दोघंच जा," साहेब म्हणाले. ते लहान असताना एलिफासनेच त्यांना पहिला ठसा वाचायला शिकवला होता आणि ते त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलत. "तुला काय तिमोतेउस लागतो होय?"

मी एलिफासच्या खांद्यावर होते. मला वाटले, आता सांगेल.

"मला कशाला लागतो, साहेब?" तो म्हणाला.

तिमोतेउसने गाडीच्या खिडकीतून डोके बाहेर काढले. "काका, उद्या जा ना! आज वारा वाईट आहे."

"वाऱ्याला नावं ठेवू नकोस. पट्टा आण जा."

सकाळी लवकरच त्याच्या बोटांना माग लागला. मोठा, गोल, झिजलेल्या कडेचा खूर. म्हाताऱ्या नराचाच होता तो, मित्रांनो. इथपर्यंत एलिफास चुकला नाही. पण ऊन चढल्यावर तो माग एका वाळलेल्या तळ्यात उतरला. तळ दगडासारखा टणक होता. त्यावर बोटांना काही सापडेना. एलिफासने मान वर केली. पलीकडच्या काठावर, झाडाच्या सावलीत एक जनावर उभे होते. एकटेच.

म्हातारा नर एकटा राहतो. पण पाडस झालेली गाय, म्हणजे मादी, हीसुद्धा कळप सोडून एकटी राहते. पाडसाला झुडपात दडवून ती त्याच्या आसपास चरत असते. हे एलिफासला माहीत नव्हते असे कसे म्हणू? त्यानेच ते सगळ्यांना शिकवले होते. पण डोळ्यांतल्या त्या धुक्यात त्याला एकटेपणा तेवढा दिसला, आणि त्याला तो ओळखीचा वाटला.

त्याने मला उभे केले. त्याचा हात माझ्या माथ्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला.

अल्ब्रेख्तने बंदूक टेकवली. बराच वेळ तो नुसता पाहत राहिला. मग हलकेच म्हणाला, "शिंगं बारीक वाटतात."

एलिफास म्हणाला, "म्हातारा. घासून घासून बारीक."

अल्ब्रेख्तने मान वळवून एकदा एलिफासकडे पाहिले. वीस वर्षांत त्याच्यावर दुसऱ्यांदा विचारायची वेळ कधी आली नव्हती. त्याने विचारले नाही.

जनावर जागीच पडले.

आम्ही जवळ गेलो. एलिफासने मला एका झुडपाला टेकवले आणि तो उलट्या मागावर शेवटचा घास शोधायला गेला. तोवर अल्ब्रेख्त टोपी हातात घेऊन उभा होता आणि खाली पाहत होता. त्याला कळले होते. एलिफास मूठभर पिवळे गवत घेऊन आला, गुडघ्यावर बसला, त्याने ते तिच्या तोंडात ठेवले आणि नेहमीप्रमाणे मानेवरून पाठीकडे, पाठीवरून पोटाकडे हात फिरवला. हात थांबला. कास भरलेली होती, गरम होती. त्याची बोटे ओली झाली.

"दूध," तो म्हणाला. हा शब्द त्यांच्या वीस शब्दांत नव्हता. अल्ब्रेख्तला तो तरीही समजला.

त्यानंतर एलिफास गुडघ्यांवरून उठलाच नाही. हातांनी वाळू चाचपत तो रांगत रांगत पाडसाचे माग शोधू लागला. अल्ब्रेख्तही आपले लांब पाय कसेबसे दुमडून त्याच्याबरोबर वाकला. दोन म्हातारी माणसे उन्हात झुडूप झुडूप फिरत होती. वारा सुटला होता आणि बारीक ठसे पुसले गेले होते.

मित्रांनो, पाडस मला दिसत होते.

ज्या झुडपाला मी टेकले होते, त्याच्या पलीकडच्या झुडपात ते होते. वाळूच्या रंगाचे, अंगावर अजून एकही पट्टा नसलेले. मान जमिनीला चिकटवून, कान मागे पाडून ते पडले होते. आईने पडून राहा सांगितले होते, म्हणून पडून होते. डोळा तेवढा उघडा होता. एलिफासची बोटे त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेली. पाडसाने श्वास रोखला. मी लाकडाची. मी उभीही नव्हते, टेकलेली होते. उभी असते तर निदान त्या दिशेला तोंड तरी असते.

दुपार कलली तेव्हा फोल्करसाहेब गाडी घेऊन आले. त्यांनी कासेकडे पाहिले.

"माझी चूक," अल्ब्रेख्त घाईघाईने म्हणाला. "तो नको म्हणाला. मीच गोळी झाडली."

साहेबांनी आजूबाजूला दोन-चार झुडपे वाकवून पाहिली. मग ते सवयीने म्हणाले, "अशा वाऱ्यात पाडस शोधायचं म्हणजे एलिफासच हवा." आणि बोलता बोलता थांबले.

"बघितलं, साहेब. सगळीकडे बघितलं," एलिफास म्हणाला.

"बरं. चल. तिकाटी घे."

एलिफासने हात पुढे केला. मी तिथेच होते, लख्ख उन्हात, त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. त्याचा हात माझ्या बाजूने निघून गेला. त्याने झुडपाची फांदी धरली, सोडली, पुन्हा हवेत चाचपले. शेवटी साहेबांनीच मला उचलले आणि त्याच्या हातात दिले.

"किती दिवस झाले, एलिफास?"

"दोन हिवाळे."

"आणि मला बोलला नाहीस."

"बोललो असतो, तर मग काय झालं असतं, साहेब?"

फोल्करसाहेबांनी त्याचे कोपर धरून त्याला गाडीत बसवले. ते वाईट माणूस नव्हते. पण घर कामाबरोबरच जाते, हे त्यांनाही माहीत होते.

गाडीत अल्ब्रेख्तने टोपीत डहाळी खोचून घेतली नाही. त्याने एलिफासच्या हातातले उरलेले गवत मागून घेतले आणि खिशात ठेवले. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तो साहेबांना म्हणाला, "घर तरी राहू दे त्याला." साहेब म्हणाले, "नवा माणूस बायकामुलं घेऊन येणार. टाकीजवळ घर एकच आहे." पुढच्या हिवाळ्यात अल्ब्रेख्त आला नाही. तो गेल्याचे त्याच्या मुलीचे चार ओळींचे पत्र आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिमोतेउस बाटलीत शेळीचे दूध घेऊन तळ्यावर गेला होता. परत येऊन तो एलिफासच्या दाराशी बसला. मी भिंतीला टेकलेली होते.

"काका, काळजी सोडा. ते पाडस दुसऱ्या गाईमागून जाताना दिसलं. चांगलं पीत होतं."

एलिफास हसला. "गेम्सबोकची गाय दुसरीचं पाडस घेत नाही, तिमोतेउस. हे तुला मीच शिकवलंय."

तिमोतेउसने दुधाची बाटली पाठीमागे सरकवली. ती भरलेलीच होती.

थोड्या वेळाने एलिफासने विचारले, "कोल्हे की तरस?"

"कोल्हे."

"कुठल्या झुडपात होतं?"

तिमोतेउसने खोटे सांगायला तोंड उघडले आणि मिटले. "तुम्ही तिकाटी टेकवली होती ना, काका, त्याच्या पलीकडचं."

एलिफासने हात लांब करून मला शोधले. मी सापडल्यावर त्याने माझ्या माथ्यावरचे कातडे, ओत्तिलीने शिवलेले, अंगठ्याने घासले. मग हात काढून घेतला. त्यानंतर त्याने मला कधी हात लावला नाही.

महिनाअखेरीला त्याची खाट ट्रकवर चढली. साहेबांनी मांस दिले, दोन नवी घोंगडी दिली. मला तो नेऊ शकत होता, कोणी अडवले नसते. त्याने नेले नाही. निघताना तो टाकीमागे गेला आणि थडग्यावर दगड ठेवून आला. "तू जाशील तेव्हा एक ठेवत जा," त्याने तिमोतेउसला सांगितले. तिमोतेउस ठेवत असे. पण गेल्या वर्षी तोही खाणीवर कामाला गेला. जाण्यापूर्वी कुंडीला पाणी घालताना तो स्वयंपाकीणबाईंना सांगत होता, की काका आता दारात बसून असतात, दिवसभर समोरची वाळू हाताने चाळतात, आणि कोणाचे पोर जाऊन आले ते ठशावरून ओळखतात. नर्सबाई म्हणाल्या, आता शहरात नेऊन उपयोग नाही.

नव्या माणसाकडे नवी तिकाटी आहे. धातूची, एका बोटाने उघडणारी. ती कोणी बांधलेली नाही. मला साहेबांच्या पत्नीने शोभेसाठी व्हरांड्यात आणले. पाहुणे माझ्यासोबत आता फोटो काढतात.

मित्रांनो, मला मोठे काही सांगता येणार नाही. तुमच्या घरात किंवा शाळेत एखाद्या माणसाचा हात वस्तूच्या बाजूने निघून जात असेल, तर ते पाहून न पाहिल्यासारखे करू नका. तिमोतेउसने मायेनेच झाकले होते, मायेने झाकू नका. त्याला विचारा. एकदा विचारून खोटे उत्तर आले तर दुसऱ्यांदा विचारा. आणि खरे सांगितल्यावर त्याचे घर जाणार नाही, एवढे तुमच्या हातात असेल तर ते आधी करा. तरच तो सांगेल.

माझ्यासाठी काही करायचे उरलेले नाही. डावा पाय आता वरूनही मऊ लागतो. एखाद्या सकाळी तो बसेल, कुंडी फरशीवर फुटेल आणि सगळे धावत येतील. माती झाडता झाडता कोणीतरी माझा पाय उचलून पाहील आणि म्हणेल, "अरे, ही तर केव्हाची सडली होती. कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?"